इंग्रजीतली घाई आणि धाक: क्रियापदाचं मूळ पाहून नेमका शब्द कसा निवडावा

‘प्लीज फासन (fasten) द प्रोसेस.’ कामाच्या ईमेलमध्ये हे वाक्य अधूनमधून दिसतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘जरा लवकर उरका’. वाचणाऱ्यापर्यंत पोचतं, ‘प्रक्रिया घट्ट बांधा’. ‘फास्ट’ म्हणजे वेगवान, म्हणून ‘फासन’ म्हणजे वेग वाढवणं, असा हा हिशेब असतो. पण जुन्या इंग्रजीत ‘फास्ट’चा अर्थ होता पक्का, घट्ट. कपड्याचा ‘फास्ट कलर’ म्हणजे न जाणारा रंग, ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला, आणि ‘फासन युअर सीटबेल्ट’ म्हणजे पट्टा आवळा. वेगाचा अर्थ मागाहून आला: घट्टपणे, म्हणजे नेट लावून धावणं, आणि त्यातून भरधाव धावणं. क्रियापद मात्र जुन्याच अर्थाला धरून राहिलं. इथे हवा होता ‘हेसन’ (hasten), किंवा त्याहून साधं ‘स्पीड अप’.

घाई करायला लावणं आणि शिस्त लावणं या दोन कामांसाठी इंग्रजीत शे-दीडशे तरी क्रियापदं सापडतील. शब्दकोश प्रत्येकासमोर ‘घाई करणे’ किंवा ‘रागावणे’ असं लिहून मोकळा होतो आणि सगळे शब्द सारखेच वाटू लागतात. ते सारखे नाहीत. त्यांतला फरक पाठ करण्यापेक्षा त्यांच्या मुळाशी असलेलं चित्र पाहणं सोपं जातं. ही चित्रं बहुतेक वेळा गोठ्यातली, शेतातली, घोड्यावरची किंवा फौजेतली असतात. जनावर हाकणाऱ्याच्या हातातली काठी पुढे ढकलण्यासाठी टोचली तर घाईचा शब्द तयार होतो, चुकीसाठी पाठीवर पडली तर शिस्तीचा. काठी एकच, म्हणून दोन्ही गटांतले शब्द पुष्कळदा एकमेकांच्या घरात सापडतात.

निवडण्याआधी काय तपासायचं

पहिली गोष्ट म्हणजे क्रियापदाचं कर्म. घाई माणसाला करायची आहे की कामाला? ‘हरी’ आणि ‘रश’ दोन्हींना चालतात. ‘एक्स्पिडाइट’ आणि ‘ॲक्सेलरेट’ फक्त कामाला लागतात. ‘अर्ज’ (urge, आग्रह करणं), ‘गोड’ (goad, डिवचणं), ‘चिव्ही’ (chivvy, मागे लागणं) बहुधा माणसाला किंवा जनावराला. ‘प्लीज एक्स्पिडाइट युअर क्लार्क’ असं लिहिलं तर वाक्य कोसळतं.

दुसरी गोष्ट अधिकार. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यावर अधिकार आहे का? ‘रेप्रिमांड’, म्हणजे अधिकृत कानउघाडणी, वरिष्ठच देऊ शकतो. कनिष्ठाने वरिष्ठाला सुनावलं, तर ‘रिब्यूक’ एक वेळ चालेल, ‘रेप्रिमांड’ नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे क्रियापदानंतर येणारा छोटा शब्द. मराठी माणसाच्या चुका सर्वांत जास्त इथे होतात, कारण मराठीत हे काम विभक्ती करते. ‘अर्ज समवन टू डू’, ‘गोड समवन इन्टू डूइंग’, ‘रिब्यूक समवन फॉर डूइंग’ हे तीन साचे पक्के केले की निम्मं काम होतं. आग्रह करून पुढच्या कामाला लावायचं असेल तर ‘टू’, डिवचून एखाद्या गोष्टीत ढकलायचं असेल तर ‘इन्टू’, झालेल्या गोष्टीबद्दल बोल लावायचा असेल तर ‘फॉर’.

‘एक्स्पिडाइट’: एक शब्द नीट उकलून

सरकारी पत्रव्यवहारात या शब्दाइतका वापरला जाणारा घाईचा दुसरा शब्द नसेल, म्हणून तो जवळून पाहू. लॅटिन ‘एक्स’ म्हणजे बाहेर, ‘पेस’ किंवा ‘पेडिस’ म्हणजे पाय. ‘एक्स्पेडिरे’ म्हणजे अडकलेले पाय मोकळे करणं. याच्या उलट ‘इम्पेडिरे’, म्हणजे पाय अडकवणं, त्यातून आला ‘इम्पीड’. लॅटिन ‘पेस’, संस्कृत ‘पाद’ आणि आपला ‘पाय’ ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत.

मराठीत याची तंतोतंत जोडी आहे. चरायला सोडलेलं घोडं लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पायांत दोरी अडकवतात, तो पायबंद. ‘खर्चाला पायबंद घातला’ असं आपण रोज म्हणतो, त्या वेळी आपण शब्दशः ‘इम्पीड’च म्हणत असतो. ‘एक्स्पिडाइट’ म्हणजे तोच पायबंद सोडणं.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की वापर आपोआप नीट होतो. पायबंद सोडायचा तर आधी काहीतरी अडकलेलं हवं. म्हणून अडलेली फाइल, रखडलेली पडताळणी, लांबलेला खटला यांना ‘एक्स्पिडाइट’ शोभतं. जे काम अजून सुरूच झालं नाही त्याला नाही. नुसतं ‘प्लीज एक्स्पिडाइट’ आपल्या ऑफिसांत चालून जातं, पण बाहेरच्या वाचकाला ते अर्धवट वाटतं, कारण काय मोकळं करायचं तेच सांगितलेलं नसतं. आणि ‘एक्स्पिडाइट फास्ट’ किंवा ‘एक्स्पिडाइट अर्जंटली’ ही द्विरुक्ती आहे, ‘ताबडतोब लवकर करा’ म्हटल्यासारखी.

एक नमुना पाहा:

‘सर, आय ॲम वेटिंग सिन्स टू वीक्स. प्लीज एक्स्पिडाइट द मॅटर फास्ट ॲण्ड डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.’

यात घाई तीनदा आहे आणि माहिती एकदाही नाही. कोणता अर्ज, कुठे अडकला, केव्हापर्यंत हवा, काहीच कळत नाही. तेच असं लिहा:

‘सर, आय सबमिटेड माय ॲप्लिकेशन ऑन 3 जून. कुड यू प्लीज एक्स्पिडाइट द व्हेरिफिकेशन? आय नीड द सर्टिफिकेट बाय 20 जून.’

घाईचा शब्द एकदाच, त्याच्या पुढे नेमकं कर्म, आणि बाजूला दोन तारखा. पहिल्या पत्रातली ‘सिन्स टू वीक्स’ ही चूकही जाता जाता सुधारली. कालावधी असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचा दिवस असेल तर ‘सिन्स’.

याच कुळातले दोन विशेषण-शब्द नेहमी घोळ घालतात. ‘एक्स्पिडिशस’ म्हणजे तत्पर, झटपट. ‘एक्स्पीडिअंट’ म्हणजे सोयीचा, वेळ निभावून नेणारा, कधी कधी तत्त्वाला मुरड घालूनही. ‘वी एक्स्पेक्ट ॲन एक्स्पीडिअंट डिसिजन’ असं लिहिलं तर तुम्ही झटपट नव्हे, सोयीस्कर निर्णय मागितला असा अर्थ होतो.

स्वतः घाई करणं आणि दुसऱ्याला लावणं

‘हरी’ हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिखाणात दिसू लागतो. तो बहुधा वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या आवाजावरून बनला असावा, जसे आपले ‘भुर्रकन’ आणि ‘सर्रकन’. त्याच्याशी उच्चाराने जवळचा ‘हॅरी’ मात्र वेगळ्या घरचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘हेरे’ म्हणजे फौज. फौजेने मुलूख लुटणं, उजाड करणं म्हणजे ‘हॅरी’. विल्यम द कॉन्करर याने 1069-70 च्या हिवाळ्यात उत्तर इंग्लंड बेचिराख केलं, त्या मोहिमेला इतिहासात ‘हॅरिइंग ऑफ द नॉर्थ’ म्हणतात. आज ‘हॅरी’चा अर्थ सौम्य झाला आहे: सावकार तगादा लावतो, पत्रकार पिच्छा पुरवतात, त्यासाठी तो वापरतात. पण छळाची छटा टिकून आहे. ‘आय हॅरिड माय स्टाफ’ म्हणजे मी माणसांना घाई केली असं नव्हे, हैराण केलं असं होतं.

‘हेस्ट’ आणि ‘हेसन’ फ्रेंचमार्गे आलेले. त्यांच्या जुन्या जर्मानिक मुळाचा अर्थ जोर-जबरदस्तीकडे जातो. उच्चाराकडे लक्ष द्या: ‘हेसन’मधला ‘ट’ लिहायचा, म्हणायचा नाही, ‘लिसन’मधल्यासारखाच. ‘हेस्टी’ हे विशेषण जवळजवळ नेहमी दोष दाखवतं: उतावळा निर्णय. ‘हेसन’ तसं नाही. ‘आय हेसन टू ॲड’ म्हणजे ‘गैरसमज होण्याआधीच सांगतो’, हा तर सभ्य लिखाणातला नेहमीचा वाक्प्रचार आहे.

‘रश’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ मागे रेटणं, हुसकावणं या अर्थाचं. म्हणून ‘रश’मध्ये गर्दीचा आणि रेट्याचा भाव असतो, ‘हरी’मध्ये नसतो. ‘डोन्ट रश मी’ म्हणजे माझ्यावर रेटा आणू नका. ‘शी वॉज रश्ड टू हॉस्पिटल’ हे बातम्यांतलं वाक्य बिनचूक आहे. ‘रश इन्टू’ मात्र अविचाराचा इशारा देतं: लग्न, करार, घरखरेदी यांच्याबाबतीत.

‘हसल’ मूळचा डच. ‘हुसेलन’ म्हणजे हलवणं, खुळखुळवणं. टोपीत नाणी टाकून खुळखुळवायचा एक खेळ होता, त्यातून धक्काबुक्कीचा अर्थ आला. ‘ही वॉज हसल्ड इन्टू अ कार’ म्हणजे त्याला ढकलत गाडीत कोंबलं. आजकाल मेहनत करून पैसे मिळवण्याला ‘हसल’ म्हणतात ती अमेरिकेतली पुढची वाढ. दोन्ही अर्थ चालू आहेत, म्हणून पोलिसी बातमी वाचताना आणि तरुण उद्योजकाची मुलाखत वाचताना शब्द एक पण अर्थ दोन.

आपल्याकडे बोलण्यात ‘हरी-बरी’ फार ऐकू येतं: ‘हरी-बरीत राहून गेलं’. प्रमाण इंग्रजीत असा शब्द नाही. जवळचा आहे तो ‘हर्ली-बर्ली’, आणि त्याचा अर्थ गोंधळ, गजबजाट. धांदल म्हणायची असेल तर ‘इन द रश’ म्हणा.

‘चॉप-चॉप’ ची गोष्ट वेगळी. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर व्यापाऱ्यांची जी मोडकीतोडकी मिश्र इंग्रजी चाले, तिच्यात कॅन्टनीज भाषेतल्या ‘घाईचा’ या अर्थाच्या शब्दाचं ‘चॉप’ झालं. ‘चॉपस्टिक’मधला ‘चॉप’ही तोच मानतात: चपळ काड्या. भारतातल्या गोऱ्या शिपायांनी आपलं ‘जल्दी’ असंच उचललं आणि त्यांच्या बोलीत ते ‘जिल्दी’ झालं. दोन्ही शब्द मालकाने नोकराला दटावताना वाढले आहेत. म्हणून ‘चॉप-चॉप’ सहकाऱ्याला, वेटरला किंवा ग्राहकाला म्हणू नये. घरच्या लहान मुलाला म्हटलं तर चालतं.

टोचणारी क्रियापदं

‘गोड’चा उच्चार साधारण मराठी ‘गोड’सारखा आहे. जुन्या इंग्रजीत ‘गाद’ म्हणजे टोकदार काठी, भाल्याचं टोक. आपल्याकडे बैल हाकायची पराणी असते, बांबूच्या काठीच्या टोकाला लोखंडी आर बसवलेली. ती म्हणजेच ‘गोड’. आर टोचली की बैल पुढे जातो, पण खुशीने नाही. म्हणूनच ‘गोड’ चांगल्या प्रोत्साहनासाठी वापरत नाहीत. ‘द क्राउड गोडेड हिम इन्टू फाइटिंग’: लोकांनी डिवचून त्याला मारामारीत उतरवलं. शिक्षिकेने मुलीला स्पर्धेसाठी उत्तेजन दिलं, तर ‘एन्करेज’ किंवा ‘अर्ज’ घ्या.

‘स्पर’ म्हणजे स्वाराच्या टाचेला लावलेली काटेरी चकती. मराठीत ‘टाच मारणे’. टाच मारलेला घोडा दौडतो आणि स्वारही त्याच्याबरोबर जातो. म्हणून ‘स्पर’ला ‘गोड’सारखी कटुता नाही; यश, बक्षीस, टीका यांपैकी काहीही माणसाला ‘स्पर ऑन’ करू शकतं. ‘ऑन द स्पर ऑफ द मोमेंट’ म्हणजे क्षणाच्या ऊर्मीने, ऐन वेळी.

‘एग ऑन’मध्ये अंड्याचा काहीही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत ‘एग्या’ म्हणजे धार लावणं, चेतवणं. ‘एज’ हा शब्द याच कुळातला. अंड्याचा ‘एग’ हाही नॉर्समधूनच आलेला, पण वेगळा शब्द. अर्थ: चिथावणे, भरीस घालणे. काम बहुधा वाईट किंवा मूर्खपणाचं असतं. ‘माय पेरेंट्स एग्ड मी ऑन टू स्टडी’ हे म्हणून खटकतं.

‘चिव्ही’ मुख्यतः ब्रिटिश. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवरच्या चेव्हियट डोंगरांतल्या शिकारीवरून, तिच्या आरोळीवरून तो आला असावा असं मानतात. सतत मागे लागून टुमणं लावणं हा त्याचा नेमका भाव. शाळेची बस चुकू नये म्हणून मुलांच्या मागे ‘दूध प्या, मोजे घाला, दप्तर घ्या’ चालतं ते ‘चिव्हिइंग’.

एकाच काठीची दोन टोकं

‘व्हिप’ या शब्दात दोन्ही कामं शेजारी नांदतात. घोड्याला वेगात नेणं ‘व्हिप’, अपराध्याला फटके मारणं ‘व्हिप’. इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्या शिकारीत कळपाबाहेर भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबकाने आत आणणारा ‘व्हिपर-इन’ असे. तिथून तो शब्द पार्लमेंटात गेला: मतदानाला खासदारांना गोळा करणारा तो ‘व्हिप’, आणि त्याने काढलेला आदेशही ‘व्हिप’. ज्या आदेशाखाली तीन रेघा मारतात तो ‘थ्री-लाइन व्हिप’, सर्वांत सक्तीचा. भारतात 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आली. तेव्हापासून व्हिप मोडून केलेलं मतदान आमदारकी-खासदारकी घालवू शकतं. पक्षाने 15 दिवसांत ते माफ केलं तरच सुटका.

मराठीने यासाठी निवडलेला शब्द फार नेमका आहे: प्रतोद. संस्कृतात प्रतोद म्हणजे जनावर हाकायची पराणी किंवा चाबूक. ‘तुद्’ म्हणजे टोचणे. ‘मुख्य प्रतोद’ म्हणताना आपण मूळ इंग्रजी चित्र जसंच्या तसं उचललेलं असतं. बातमी लिहिताना एक फरक पाळा: माणूस म्हणजे प्रतोद, आदेश म्हणजे पक्षादेश किंवा व्हिप. ‘प्रतोद बजावला’ हे चूक.

आणि आपला ‘चाबूक’? फारसीत ‘चाबुक’ म्हणजे चपळ, तडफदार. तोच शब्द घोड्याच्या कोरड्यासाठीही. घाई आणि धाक इथे एकाच शब्दात आहेत. कंपनीच्या काळातल्या इंग्रजांनी त्याचं ‘चॉबक’ केलं आणि फटके मारण्यासाठी क्रियापद म्हणूनही वापरलं. तोच चाबूक मलाय भाषेतून दक्षिण आफ्रिकेत पोचला आणि तिथल्या डच वंशाच्या लोकांच्या तोंडी ‘शॅम्बॉक’ झाला, जाड कातड्याचा आसूड. दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांत हा शब्द भेटला तर परका समजू नका.

मारण्याच्या शब्दांतले आणखी दोन आपल्या ओळखीचे निघतात. ‘थ्रॅश’ हे ‘थ्रेश’चंच दुसरं रूप. ‘थ्रेश’ म्हणजे धान्य झोडपून दाणे वेगळे करणं. कोकणात भाताच्या पेंढ्या झोडतात आणि त्याच क्रियापदावरून माणसालाही झोडपतात. दोन्ही भाषा एकाच खळ्यावरून गेल्या. आज धान्यासाठी ‘थ्रेश’ आणि मारासाठी, मोठ्या पराभवासाठी ‘थ्रॅश’ अशी वाटणी पक्की आहे. ‘थ्रॅशिंग मशीन’ लिहिलं तर जुन्या लिखाणात ते खपायचं, आज ‘थ्रेशिंग’च लिहा. दुसरा ‘ड्रब’. क्रिकेटच्या बातमीतलं ‘ड्रबिंग’ तुम्ही वाचलं असेल. सतराव्या शतकात उत्तर आफ्रिकेला गेलेल्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात तळपायांवर काठ्या मारण्याच्या शिक्षेसाठी हा शब्द दिसतो आणि त्याचं मूळ बहुधा अरबी ‘दरब’ म्हणजे फटका. तोच अरबी शब्द फारसी उच्चाराने ‘जर्ब’ होऊन मराठीत आला, ‘जरब’ म्हणून. आपल्याकडे फटका गेला आणि त्याची भीती उरली.

रागावण्याची उतरंड

सौम्यापासून कडकपर्यंत जाऊ. ‘चाइड’ हलकं, काहीसं पुस्तकी, प्रेमाने केलेलंही असू शकतं. ‘टेल ऑफ’ आणि ब्रिटिश ‘टिक ऑफ’ म्हणजे बोलण्यातलं ‘झापणे’. अमेरिकेत ‘टिक्ड ऑफ’ म्हणजे वैतागलेला, तेव्हा अमेरिकी वाचक असेल तर हा शब्द टाळा.

‘स्कोल्ड’ नीट वापरा. तो बहुधा नॉर्स ‘स्काल्ड’ म्हणजे कवी यावरून आला. हे कवी उपहासाच्या कवितांनी लोकांना सोलून काढत. इंग्लंडमध्ये नंतर ‘स्कोल्ड’ म्हणजे भांडखोर, कजाग बाई, आणि ‘कॉमन स्कोल्ड’ असणं हा चक्क गुन्हा होता. तो इंग्लंडच्या कायद्यातून 1967 मध्ये गेला. या इतिहासामुळे ‘स्कोल्ड’ला घरातल्या किरकिरीचा वास आहे. आई मुलाला किंवा माणूस कुत्र्याला ‘स्कोल्ड’ करतो. ‘माय मॅनेजर स्कोल्डेड मी’ म्हटलं की तुम्ही दुसरीतल्या मुलासारखे दिसता. इथे ‘टोल्ड मी ऑफ’, लेखी असेल तर ‘रेप्रिमांडेड मी’.

त्याहून धोक्याचा ‘फायर’. मराठी ऑफिसात ‘आज साहेबांनी फायरिंग दिली’ म्हणजे खरडपट्टी काढली. परदेशी सहकाऱ्याला ‘माय बॉस फायर्ड मी’ लिहिलंत तर तो तुमची नोकरी गेली असं समजेल.

‘ॲडमॉनिश’चं मूळ लॅटिन ‘मोनेरे’, आठवण करून देणं, सावध करणं. ‘मॉनिटर’ याच घरातला. वर्गाचा मॉनिटर म्हणजे मुळात आठवण देणारा. अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांकडून, म्हणजे मॉनिटरांकडून, लहानांना शिकवून घ्यायला सुरुवात केली आणि ती पद्धत पुढे इंग्लंडात ‘मद्रास सिस्टिम’ म्हणून गेली. ‘ॲडमॉनिश’साठी मराठीत समज देणे, ताकीद देणे. 1958 च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याच्या कलम 3 मध्ये नेमका हाच शब्द आहे: काही लहान गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला ताकीद देऊन सोडता येतं. तिथे ‘खडसावून सोडलं’ असं भाषांतर केलं तर कायद्यात नसलेला आवाज चढतो.

‘रिब्यूक’च्या मुळाशी लाकडावर घाव घालणं आहे, जुन्या फ्रेंचमधलं, म्हणून तो एका घावाचा, थोडक्यात आणि करड्या आवाजातला. ‘बिरेट’ लांबलचक, आरडाओरड्याचं: तोंडसुख घेणं. ‘रेप्रिमांड’ म्हणजे दाबून ठेवण्याजोगं ते, ‘प्रेस’ याच कुळातलं. त्याला अधिकार आणि बहुधा कागद लागतो. ‘सेन्शर’ रोमच्या सेन्सरवरून आला, जो जनगणना करी आणि नागरिकांच्या वर्तनावर शेराही मारी. ‘सेन्सस’, ‘सेन्सर’, ‘सेन्शर’ तिन्ही त्याचीच लेकरं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये किरकोळ शिक्षांत पहिली ‘सेन्शर’ आहे, मराठीत ‘ठपका ठेवणे’. नुसती समज म्हणजे ठपका नव्हे. ठपका ही रीतसर शिक्षा आहे. भाषांतरात ही अदलाबदल झाली तर कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकावर परिणाम होऊ शकतो.

‘चेसन’, ‘चॅस्टाइझ’, ‘कॅस्टिगेट’ हे तिघे एकाच लॅटिन शब्दाचे, ‘कास्टिगारे’. त्यात ‘कास्टुस’ म्हणजे शुद्ध आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणं, नेणं. संस्कृत ‘अजति’ याच कुळातलं. म्हणजे शुद्धतेकडे हाकणं. वाटा वेगळ्या झाल्या: ‘चेसन’ आतून नमवतं, आणि बहुधा अनुभव नमवतो, माणूस नाही (‘चेसन्ड बाय डिफीट’). ‘चॅस्टाइझ’ शब्दांनी किंवा मारानेही. ‘कॅस्टिगेट’ थेट लॅटिनमधून, जाहीर आणि जळजळीत. न्यायालय ताशेरे ओढतं तेव्हा बातमीत हा शोभतो. ‘चेसन’मध्ये ‘ट’ मुका, ‘चॅस्टाइझ’मध्ये बोलका.

आता खुद्द ‘डिसिप्लिन’. लॅटिन ‘डिस्किपुलुस’ म्हणजे शिकणारा, शिष्य. ख्रिस्ती मठांत स्वतःला मारून घ्यायच्या गाठीच्या दोऱ्यांनाही ‘डिसिप्लिन’च म्हणत. शिकणं आणि मार यांची ही जवळीक आपल्या ‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ या जोडीत जशीच्या तशी दिसते. क्रियापद वापरताना सांभाळा: ‘ही वॉज डिसिप्लिन्ड’ म्हणजे तो शिस्तीचा होता की त्याच्यावर कारवाई झाली? दोन्ही होतं. शिफारसपत्रात ‘ही इज अ डिसिप्लिन्ड वर्कर’ असं नामाआधी लावा, म्हणजे संशय राहत नाही. शाळेच्या संदर्भात आणखी एक जोडी: ‘कॉर्पोरल पनिशमेंट’ म्हणजे शारीरिक शिक्षा, ‘कॉर्पुस’ म्हणजे शरीर, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने तिला बंदी आहे. ‘कॅपिटल पनिशमेंट’मध्ये ‘कापुट’ म्हणजे डोकं, ती फाशी.

मूळ स्वतः कसं शोधायचं

इंग्रजी शब्दासाठी एटिमॉनलाइन हे संकेतस्थळ मोफत आहे आणि बहुतेक कामाला पुरतं. हिंदुस्थानी धाग्याचा संशय आला तर यूल आणि बर्नेल यांचा 1886 चा हॉब्सन-जॉब्सन हा कोश पाहा. मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा कोश, 1857 ची दुसरी आवृत्ती. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये शब्दानंतर कंसातली खूण पाहायची: फारसी, अरबी, संस्कृत की हिंदुस्थानी, ते ती सांगते.

नोंद वाचताना शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषाशास्त्रज्ञांनी तुलनेवरून बांधलेलं आहे, असं समजा. सन दिला असेल तर तो लिखाणात पहिल्यांदा सापडल्याचा. लोकांच्या तोंडी शब्द त्याआधीही असू शकतो. ‘बहुधा’, ‘कदाचित’ असे शब्द नोंदीत असतील तर आपल्या लेखातही ते ठेवा. गाळलेल्या ‘बहुधा’मुळे अंदाज खरा म्हणून फिरू लागतो.

आणि सुरस कथेपासून सावध. ‘रूल ऑफ थम्ब’ म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीच्या काठीने नवऱ्याने बायकोला मारायची परवानगी देणारा इंग्रजी कायदा, ही गोष्ट अजून फिरते. असा कायदा नव्हता. हा वाक्प्रचार सतराव्या शतकापासून ढोबळ मापासाठी वापरात आहे. 1782 मध्ये न्यायाधीश फ्रान्सिस बुलर यांनी असं मत दिल्याची वदंता उठली आणि गिलरे या व्यंगचित्रकाराने त्यांना ‘जज थम्ब’ म्हणून रंगवलं; पुढे दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटल्या. उलट ‘रीड द रायट ॲक्ट’ची कथा खरी आहे. 1714 च्या या कायद्याचा अंमल 1 ऑगस्ट 1715 पासून झाला. 12 किंवा अधिक लोक दंगा करत जमले तर अधिकारी कायद्यातला ठरावीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवी, आणि त्यानंतर तासाभरात न पांगणाऱ्याला जबर शिक्षा होई. आई आज मुलांना ‘रायट ॲक्ट’ वाचून दाखवते तेव्हा त्यात तेच असतं: शेवटची ताकीद, आणि त्यानंतर मोजकाच वेळ.